परतताना उजवीकडे बघ

मालवण

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सुएझ कालवा ओलांडून तू फोन केलास आणि म्हणालास, "बाबा, दोन्हीकडे नुसतं वाळवंट. एवढी मोठी संस्कृती इथे उभी राहिली कशी?" तेवढ्यात रेंज गेली. जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे तो प्रश्न काही मला झोपू देईना. म्हणून लिहायला बसलो.

"इजिप्त ही नाईलची देणगी" हे वाक्य आम्ही वर्गात घोकून घ्यायचो. ते खोटं नाही. आपल्याकडे मृग लागतो त्याच सुमारास इथिओपियाच्या डोंगरांवर पाऊस कोसळतो. तो गाळ आणि ते पाणी निळी नाईल खाली आणते. आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पुरं होईपर्यंत दरवर्षी इजिप्तची शेतं पुराखाली जायची आणि पाणी ओसरलं की काळी माती मागे राहायची. म्हणून त्या लोकांनी आपल्या देशाला 'केमेत', म्हणजे काळी भूमी, असं नाव दिलं. वाळवंट ती तांबडी भूमी. वर्षाचे ऋतूही तीनच: पुराचा, पिकाचा आणि कापणीचा.

शिवाय नाईल वाहते दक्षिणेकडून उत्तरेला आणि वारा बहुतेक वेळ येतो उत्तरेकडून. खाली जायचं तर होडी प्रवाहावर सोडायची, वर जायचं तर शीड उभारायचं. त्यांच्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' लिहायचं तर शिडाची होडी काढत, 'उत्तरेला' लिहायचं तर बिनशिडाची. भरतीची वाट बघत खाडीच्या तोंडाशी तासन्‌तास बसलेल्या माणसाला विचार, याचं मोल काय ते.

पण जहाजाला लागणारं लांब, सरळ लाकूड नाईलने दिलं नाही. तिच्या काठी बाभूळ आणि उंबराच्या जातीची झाडं. त्यांच्या फळ्या आखूड निघतात. होड्या बांधणाऱ्या तुझ्या आजोबांनी असल्या लाकडाला हातही लावला नसता. मग भूमध्य समुद्रातून लेबनॉनच्या किनाऱ्यावर, बिब्लोसला जाऊन देवदार आणणं आलं. स्नेफ्रू राजाच्या काळात देवदाराने भरलेली ४० जहाजं आल्याची नोंद दगडावर कोरलेली आहे. त्याचा मुलगा खुफू, मोठ्या पिरॅमिडवाला. त्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ मध्ये खड्ड्यात रचून ठेवलेले जहाजाचे सुटे भाग सापडले. जोडल्यावर जहाज भरलं सुमारे ४३ मीटर, आणि फळ्या सगळ्या दोराने आवळून बांधलेल्या! आपल्या किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या होड्या असायच्या, त्याच जातीची ही विद्या.

जहाज सुटं करता येतं, यावरच त्यांचा तांबडा समुद्र उभा होता. त्या किनाऱ्यावर ना लाकूड, ना गोडं पाणी, ना शेत. नाईलकाठी जहाज बांधायचं, खोलायचं, फळ्या माणसांच्या खांद्यांवर आणि गाढवांच्या पाठीवर घालून वाळवंट पार करायचं आणि किनाऱ्यावर पुन्हा जोडायचं. वादी गवासिस नावाच्या बंदराजवळ गुहा आहेत. नाईलपासून तिथपर्यंतची वाट साधारण दीडशे किलोमीटरची. एका गुहेत जहाजाच्या दोरांची वेटोळी सापडली, कोणीतरी नीट गुंडाळून ठेवलेली, जवळजवळ ४००० वर्षांपूर्वीची. फळ्यांना समुद्रातल्या किडीने भोकं पाडलेली, आणि किडका भाग तासून चांगलं लाकूड राखलेलं. ते वाचलं आणि पडवीत वाकस घेऊन बसलेले आजोबाच डोळ्यांसमोर आले. इथूनच ते तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या पुंट देशी जात, धूप आणि गंधरस आणायला. हातशेपसुत राणीने तिच्या मंदिराच्या भिंतीवर ती सफर कोरून घेतली आहे. मुळांसकट टोपल्यांत उचललेली झाडंसुद्धा त्यात दिसतात.

वाळवंटाने इजिप्तला शत्रूपासून राखलं, असं पुस्तकात असतं. ते खरंच आहे. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की वाळवंटाने त्यांना समुद्र फुकट मिळू दिला नाही. इथे आपल्याकडे कोणीही पहाटे उठून होडी पाण्यात लोटतो. तिथे तांबड्या समुद्रावर जायचं म्हणजे शेकडो माणसांची भाकरी, पाणी, गाढवं, हिशेब ठेवणारे कारकून, सगळं आधी जमवायला हवं. ते राजालाच परवडणार. काळ्या मातीतलं धान्य कोठारात होतं, म्हणून जहाज वाळवंटातून चाललं.

तिथला एक अधिकारी तर आपल्याला नावानिशी माहीत आहे. मेरेर. २०१३ मध्ये वादी अल-जर्फ इथे त्याची रोजनिशी सापडली, खुफूच्या काळातली. तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीने मोठ्या पिरॅमिडसाठी गिझाला कधी नेला, मुक्काम कुठे केला, हे त्याने दिवसवार लिहिलंय. लिहिलेले पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या झाडापासून केलेले कागद, याहून जुने आजवर मिळालेले नाहीत.

हे वादी अल-जर्फ सुएझच्या आखातातच आहे, पश्चिम किनाऱ्यावर, सुएझपासून दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. म्हणजे कालव्यात शिरण्याआधी तुमचं जहाज त्याच्यासमोरूनच गेलं, डाव्या हाताला. तिथून समोर सिनायला जाऊन ते लोक तांबं आणि फिरोजा आणत. त्यांचा दगडी धक्का अजून पाण्यात आहे.

परतताना दिवस असेल आणि तुझी पाळी नसेल, तर दुर्बीण घेऊन उजवीकडे उभा राहा. जहाजावरून कदाचित नुसता उजाड किनाराच दिसेल. तरी फोटो काढ आणि मला पाठव. आई म्हणते, जेवण वेळेवर घे.

तुझे,
बाबा