कचरागाडीला काय द्यायचं आणि काय नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

घरातून कचराच बाहेर पडू द्यायचा नाही, असं दोघांनी मनावर घेतलंय. पण इंदुरात राहून सगळ्याचं खत करत बसायची गरज नाही. आपल्या गाडीतला ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन क्षमतेने सुरू झालेल्या गोबरधन प्रकल्पात त्याचा गॅस होतो आणि त्यावर सिटी बसही धावते. तेव्हा खत करा ते गच्चीतल्या कुंड्यांना लागेल तेवढंच. बाकीची सालं बिनघोर गाडीला द्या. खरा उपद्रव सुक्या कचऱ्याचा, आणि तो दारातच अडवावा लागतो.

आधी खताचं. झाकणाच्या 20 लिटरच्या दोन बादल्या घ्या. एक भरत असते तेव्हा दुसरी मुरत असते. बाजूंना दोन ओळींत 6 मिमीची पंधरा-वीस भोकं, तळाला पाच. भरलेली बादली 12-15 किलो होते, म्हणून बाबा, ती उचलायची नाही. गच्चीच्या ओट्यावर, आईला वाकावं लागणार नाही अशा उंचीवर, दोन विटांवर मांडायची, खाली थाळी ठेवायची आणि तिथेच राहू द्यायची. खत निघेल तेव्हा खुरप्याने काढायचं.

तळाला दोन इंच नारळाची शेंडी किंवा वाळका पाला, वर चुरलेल्या गोवरीच्या दोन मुठी. मग रोज एक वाटी सालं नि देठं, बारीक चिरून, त्यावर दोन वाट्या सुका पाला. वरचा थर नेहमी पाल्याचाच. आठवड्यातून दोनदा तळापर्यंत हलवायचं. आई, चहाचा चोथा आधी धुऊन घे, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. तेलकट भाजी, दही, आंब्याच्या कोयी यांतलं काही घालू नकोस.

ओल किती हवी ते मुठीने कळतं. मूठभर दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटला तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कोंडलीय. उकरून कोरडं मिसळा. नाकात झणका बसला तर हिरवं, म्हणजे सालं-देठं, जास्त झालंय, त्यावरही उपाय पालाच. पावसाळ्यात जाड पांढुरक्या अळ्या दिसतील. त्या काळ्या सैनिक माशीच्या, कचराच खातात, झाडांना काही करत नाहीत. औषध मारू नका. त्यांना पाहून आई बादली बंद करायला निघेल हे मला माहीत आहे, तेव्हा वर चार बोटं पाला टाका म्हणजे दिसणारही नाहीत.

आपल्याकडे अडचण येते ती मे आणि जुलैत. मेमध्ये बादली सुकून काम थांबतं, म्हणून सावलीत ठेवा, दिवसाआड पाणी शिंपडा. जुलैत ओल वाढते आणि सुका पाला मिळत नाही. तो मार्च-एप्रिलच्या पानगळीतच पोत्यात भरून ठेवायचा. कमी पडला तर वखारीतून लाकडाचा भुसा आणा, पण प्लायवुडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

भरल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी काळं, मातीच्या वासाचं झालं की थोड्या खतात मेथीचे दाणे पेरून पाहा. नीट उगवले तर तयार, पिवळे पडले तर अजून मुरू द्या. चाळताना तोंडाला रुमाल बांधा, बाबांच्या छातीला बुरशीची धूळ नको. तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. नुसत्या खतात तुळस जळेल.

आता सुकं. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. तो ओल्यात पडतो आणि पुढे निवडणं अशक्य होतं. चीर द्या, तुकडा लटकू द्या, धुऊन वाळवा आणि गाडीच्या प्लास्टिकच्या खणात टाका. बंदीचं, म्हणजे रोज ठरवून घेतलेलं सुटं दूध स्वतःच्या बरणीत घेतलंत तर पिशवीच नाही. शेव-नमकीनला दुकानात डबा न्या, पण रिकाम्या डब्याचं वजन आधी करायला लावा. अर्धा किलोच घ्या. दोन किलो घेतली तर ती मऊ पडते आणि शेवटी टाकावी लागते, मग पिशवी वाचवून काय मिळवलं! सियागंजातल्या किराण्याला कापडी थैल्या चालतात. मसाल्यांचं पॅकिंग टळणार नाही, त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. संत्र्याच्या साली गुळपाण्यात आंबवून साफसफाईसाठी करतात त्या बायोएन्झाइमच्या नादालाही लागू नका. तीन महिने थांबा, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा, आणि काचेची बाटली असेल तर ती फुटायची भीती. भांड्यांना रिठ्याचं पाणी आहेच.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. इन्शुलिनच्या सुया आणि लान्सेट (साखर तपासायच्या टोचण्या) सुट्या टाकायच्या नाहीत, त्या गाडीवरच्या माणसाच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकची घट्ट झाकणाची बाटली ठेवा, पाऊण भरली की झाकण टेपने बंद करून वर ‘सुया’ लिहा आणि घातक कचऱ्याच्या खणात द्या. मुदत संपलेली औषधंही तिथेच. डायपर कागदात गुंडाळून सॅनिटरीच्या खणात, बीपी मशीनचे सेल वेगळे. बाटलीवर मोठ्या अक्षरात हिंदीतही लिहा, म्हणजे घरकामाला येणाऱ्या बाईंनाही कळेल.

तुमची,
मनू