मामा, ती सिरिंज तुम्ही बघितली नसती तर

मामा,

परवा एम.फार्म.चा प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर तुमचं नाव घातलंय, पण आपल्या लॅबमध्ये काचसामान सांभाळता सांभाळता तुम्ही जे केलंत ते एका ओळीत मावत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा विषय पॅरासिटामॉलची विद्राव्यता, म्हणजे ते कशात किती विरघळतं. नुसत्या पाण्यात ते फारसं विरघळत नाही, 25 अंशांना लिटरमागे साधारण 14 ग्रॅम. इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, बरंच जास्त, आणि दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर नुसत्या इथेनॉलपेक्षाही जास्त. पातळ औषध बनवणाऱ्याला हे आकडे लागतातच, नाहीतर थंडीत बाटलीच्या तळाशी खडे धरतात. मी 11 मिश्रणं घेतली, 20 ते 40 अंशांपर्यंत पाच तापमानं, प्रत्येकाचे तीन फ्लास्क. एकूण 165, आणि ते सगळे तुम्हीच धुतलेत. तळाशी पावडर उरेल इतकं औषध घालायचं, ठरलेल्या तापमानाच्या पाण्याच्या बाथमध्ये दोन दिवस हलवत ठेवायचं, सिरिंजला लावलेल्या फिल्टरमधून गाळायचं, पातळ करून यूव्ही यंत्रावर (ते अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते सांगतं) 243 नॅनोमीटरला मोजायचं.

आणि 40 अंशांचे आकडे काही केल्या बसेनात. विद्राव्यतेचा लॉग आणि तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख जवळपास सरळ यायला हवा, माझा गरम टोकाला खाली झुकत होता. इथेनॉल जास्त असलेल्या मिश्रणांत तर फारच. थर्मामीटर बदलला, वजनकाटा तपासून घेतला, तुलनेसाठीची ठरावीक प्रमाणाची द्रावणं (स्टँडर्ड) नव्याने केली. तीन आठवडे गेले. घरी जाऊन रडायचे मी.

त्या दुपारी तुम्ही बेसिनवर काचसामान धूत होतात. माझ्या सिरिंजच्या टोकाला पांढरी खर धरली होती. मी ती रोज बघायचे, पावडर लागली असेल म्हणून पुसून टाकायचे. तुम्ही हात कोरडे केलेत, सिरिंज उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "ताई, थंडीत तूप गाळताना गाळणी गार असली की तूप तिथंच थिजतं. ही गार आहे बघा."

एसीच्या खोलीतली गार सिरिंज, गार फिल्टर. 40 अंशांचं संपृक्त (आणखी औषध विरघळू शकत नाही असं) द्रावण त्यात शिरलं की औषध तिथेच स्फटिक होऊन बसत होतं, आणि मी मोजत होते ते उरलेलं. दुसऱ्या दिवसापासून सिरिंज, सुई, फिल्टर सगळं त्याच तापमानाला आणून मग गाळलं, गाळलेलं लगेच पातळ केलं. 35 आणि 40 अंशांचे 66 फ्लास्क पुन्हा लावले. रेष सरळ आली.

पुढे हेच आकडे जुयबान-अ‍ॅक्री मॉडेलला, म्हणजे मिश्रणातली विद्राव्यता सांगणाऱ्या एका समीकरणाला, दिले. एकदा त्याचे स्थिरांक काढले की न मोजलेल्या मिश्रणाची विद्राव्यताही मधल्या तापमानाला सांगता येते. पण चुकीचे आकडे दिले असते, तर त्या स्थिरांकांनी ती चूक गुपचूप पोटात घेतली असती, आणि माझा प्रबंध वाचून कुणीतरी त्यावर बाटली भरली असती. या विचाराने मला अजून धस्स होतं.

नवीन मुलगी आलीय, तिला कॅफिनचं काम दिलंय. ओव्हनवर तुमच्या अक्षरातली "सिरिंज आधी गरम करा" ही चिठ्ठी अजून आहे. ती काढू देऊ नका.

तुमची,
165 फ्लास्कवाली ताई