भूतरामहट्टीच्या अण्णांना अनावृत पत्र

आदरणीय अण्णा,
सादर प्रणाम.

बेळगावजवळच्या भूतरामहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली स्थापन झाले, त्या सुरुवातीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातील, कन्नड जेमतेम अक्षर लावून वाचणारी एक मुलगी एम. ए. मराठीच्या प्रवेशासाठी तुमच्या टेबलासमोर उभी होती. ती मी. तुमच्यापुढे रोज अशी कितीतरी मुले येत असतील, त्यामुळे तुम्हाला मी आठवत नसेन. पण तुमचे आभार मानायचे राहून गेले, ही रुखरुख मला आजही आहे.

आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत तीन पिढ्यांची प्रमाणपत्रे आहेत. आजोबा बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात शिकले, पण बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची. 1949 साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि लवकरच धारवाडला आले. वडिलांची आणि माझी बी. ए.ची पदवी तिथली. 1982 साली धारवाडच्या विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र बेळगावात सुरू झाले, तेव्हा वर्ग जवळ आले, तरी विद्यापीठ म्हणजे धारवाडच राहिले. त्याच केंद्राचे पुढे बेळगाव, बागलकोट आणि तेव्हाचे विजापूर या तीन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. नावही या मातीतलेच मिळाले, कारण कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती हे बेळगावहून भूतरामहट्टीला जाताना महामार्गावरच लागते. खानापूरची बस, मग बेळगावच्या बसस्थानकावरून संकेश्वरकडची बस, आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत घरी. मला बाहेरगावी ठेवायला तयार नसलेल्या वडिलांनी एवढ्याच एका कारणासाठी होकार दिला होता.

आणि नेमकी कागदांत अडचण निघाली. बी. ए.चा परीक्षा अर्ज भरताना मी वडिलांच्या नावाच्या रकान्यात आडनाव लिहिले होते. ती माझी चूक मार्क्स कार्डावर तशीच उतरली आणि शाळेच्या दाखल्याशी नाव जुळेना. मुदतीला दोन दिवस उरले होते. दुरुस्ती करून आणा, एवढे सांगून मला परत पाठवणे तुम्हाला नियमाने शक्य होते. तुम्ही मात्र खुर्ची पुढे केली, कोरा कागद घेतला आणि निळ्या शाईने कन्नडमध्ये अर्ज व हमीपत्र लिहून काढले. मग ओळीखाली बोट ठेवत एकेक वाक्य मला मराठीत वाचून दाखवले; ‘मनवि’ म्हणजे विनंती, आणि ‘सही’ दोन्हीकडे सहीच, असे सांगितले. माझ्याकडून सगळे पुन्हा वदवून घेतल्यावरच सहीसाठी पेन हातात दिले. हमीपत्रावर माझा प्रवेश झाला, दुरुस्ती नंतर यथावकाश झाली.

सीमाभागात कागदाच्या भाषेवरून माणसे किती दुखावली जातात, हे तुम्हाला मी काय सांगावे! म्हणूनच, न समजलेल्या कागदावर मला सही करावी लागू नये म्हणून कन्नड मातृभाषा असलेल्या तुम्ही खर्च केलेली ती वीस मिनिटे मला फार मोठी वाटतात. विद्यापीठ कायद्याने स्थापन होते हे खरे. माझ्यासाठी ते त्या टेबलावर उघडले.

भूतरामहट्टीची जागा वनक्षेत्रातील असल्याने विस्ताराला मर्यादा होत्या, म्हणून हिरेबागेवाडीला नव्या संकुलाचे काम हाती घेतले गेले. इमारती नव्या होतील, व्हायलाच हव्यात. तिथल्या प्रवेशाच्या टेबलावर तुमच्यासारखे कुणी असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आता मी मराठी शाळेत शिकवते आणि माझ्या विद्यार्थिनी तिकडे जाऊ लागल्या आहेत.

माझे एम. ए.चे प्रमाणपत्र हाती आले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होता, त्यामुळे ते तुम्हाला दाखवायचे राहिले. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचले तर फक्त सोयीचा दिवस कळवा. प्रमाणपत्र घेऊन मी घरी येईन. त्यावर नाव अगदी बरोबर आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी