जाहीर आभार : माझ्या डायपोलला दिशा देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपले आभार प्रत्यक्ष भेटीत मानून झाले आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे. फिरणारा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन दांड्यांची आडवी अँटेना) हौसेने चढवून, ‘फिरवला काय आणि न फिरवला काय, सारखेच’ असे म्हणत गप्प बसलेले हॅम (हौशी रेडिओवाले) माझ्याखेरीज आणखीही असतील, आणि आपण माझ्या गच्चीवर दोन संध्याकाळी जे दाखवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल असे मला वाटते.

प्रथम आभार आपल्या नकाराबद्दल. मी आपल्याकडे आलो तो तीन एलिमेंटची यागी (आडव्या बूमवर तीन समांतर दांड्या लावलेली, एका दिशेला झोत टाकणारी अँटेना) डोक्यात पक्की करूनच. आपण तिला नावे ठेवली नाहीत, फक्त विचारलेत : ‘किती उंचीवर लावणार, आणि ती उंची कोणत्या पाइपच्या जिवावर?’ डायपोलच्या तुलनेत अशी यागी पाच-सहा डेसिबल (संकेताच्या जोराचे माप) अधिक देते, म्हणजे रेडिओच्या सिग्नल-मीटरवर जेमतेम एक टप्पा, एक एस-युनिट. पण तिचे वजन, बूम आणि वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे आपण कागदावर आकडे मांडून समजावलेत. माझा पाइप यागी फार तर पाच मीटरवर पेलू शकला असता. २० मीटर बँडसाठी (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी) ही उंची जेमतेम पाव तरंगलांबी होते, आणि तेवढ्या उंचीवरच्या आडव्या अँटेनाची बरीचशी शक्ती सरळ आभाळाकडे जाते. तोच पाइप नीट ताण देऊन साडेदहा मीटरपर्यंत नेला आणि वर हलका डायपोल ठेवला, तर अर्धी तरंगलांबी साधते आणि मुख्य झोत क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर येतो. दूरच्या संपर्कासाठी हा सौदा यागीपेक्षा फायद्याचा आहे, हे मला त्या दिवशी पटले. मनातून यागी जायला मात्र आणखी आठवडाभर लागला.

उंचीचा फिरवण्याशी काय संबंध, हेही तेव्हाच कळले. डायपोलची आकृती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते (आपला मराठी आठ इथे कामाचा नाही) : दोन्ही अंगांना जोर, दोन्ही टोकांच्या दिशेला जवळजवळ शून्य. पण अँटेना जमिनीला फार जवळ असेल तर ही आकृती फुगून वर्तुळासारखी होते, आणि मग फिरवायला काही उरतच नाही. शिवाय डायपोल दोन्ही बाजूंना सारखाच बोलत असल्याने त्याला अर्धा फेरा पुरतो. पूर्ण ३६० अंश फिरवणाऱ्या मोटरचा खर्च त्यामुळे वाचला. पाइपला आडवी दांडी बांधून हाताने फिरवण्याच्या ज्या पद्धतीला हॅम मंडळी थट्टेने ‘आर्मस्ट्राँग रोटेटर’ म्हणतात, तीच मी आजही वापरतो.

तीन बँडच्या ट्रॅपवाल्या डायपोलचा मोहही आपण थोडक्यात आवरलात. ट्रॅपचे, म्हणजे एकच दांडी अनेक बँडवर चालावी म्हणून तिच्यात घातलेल्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीचे, वजन दांडीच्या मधोमध लोंबते, थोडी शक्ती त्यात खर्च होते आणि बँडविड्थ (अँटेना नीट चालते तो वारंवारतेचा पट्टा) आक्रसते. पहिल्या अँटेनासाठी एकच बँड पुरे, असे आपले मत पडले. आज मीही नवख्यांना हेच सांगतो.

आता माझ्या चुकीविषयी. एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, मध्ये फायबरग्लासचा दांडा, यू-बोल्टची पट्टी, असे सगळे जमवून मी आपली वाट न पाहताच डायपोल वर चढवला. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते, १४.१५ साठी ती १०.१ मीटर आली, आणि टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या नळ्यांना किंचित जास्त लांबी लागते म्हणून थोडी वाढवली. एसडब्ल्यूआर (पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते याचे माप) उत्तम आला. संपर्कही होऊ लागले. मात्र अँटेना कुठेही वळवली तरी आवाज तोच, गोंगाटही तोच. महिनाभर मी वातावरणाला बोल लावला आणि शेवटी, काहीशा तक्रारीच्याच सुरात, आपल्याला फोन केला.

आपण आलात आणि अँटेनाकडे न पाहता आधी कोअॅक्सकडे पाहिलेत. मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी असलेली ती केबल दोन्ही दांड्यांना थेट जोडलेली होती आणि पाइपला वरपासून खालपर्यंत घट्ट बांधलेली होती. ‘चोक कुठे आहे?’ (चोक म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग; बॅलनचे काम इथे तोच करतो) या आपल्या प्रश्नावर, ‘एसडब्ल्यूआर चांगला आहे, मग बॅलन कशाला?’ हे माझे उत्तर आठवले की आजही ओशाळायला होते. डायपोल समतोल आणि कोअॅक्स असमतोल असल्यामुळे जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह परत वाहू लागतो आणि केबल स्वतःच अँटेनाचा तिसरा, उभा दांडा बनते, हे आपण तिथेच गच्चीवर बसून समजावलेत. हा उभा दांडा सगळ्या दिशांनी सारखाच ऐकतो. डायपोलने टोकाच्या दिशेला निर्माण केलेली शांतता तो भरून काढतो, आणि घरातल्या चार्जर-दिव्यांचा गोंगाटही तोच उचलून आणतो. एसडब्ल्यूआर मीटरला यातले काहीच दिसत नाही.

जोडणी उघडताच आतून पाण्याचे दोन थेंब आपल्या तळहातावर पडले. जाळी वीतभर काळी पडलेली होती. आपण काहीही न बोलता तो भाग कापून बाजूला ठेवलात. बोलला असतात तर कदाचित मला इतके लागले नसते. मग पिशवीतून ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइटचे कडे काढून त्यावर कोअॅक्सचे वेढे घेतलेत, तो चोक जोडणीच्या अगदी जवळ बसवलात आणि सांध्यावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळलीत. केबलला पाइपभोवती सैल वळसा ठेवलात, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात ती ओढली जाणार नाही, आणि पाण्याने खालूनच गळून पडावे म्हणून एक झोळही दिलात.

त्यानंतरची परीक्षा मी कधीही विसरणार नाही. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातील १८ बीकन (आपोआप संकेत पाठवणारी केंद्रे) पाळीपाळीने, प्रत्येकी १० सेकंद, बोलत असतात. दर तीन मिनिटांनी त्याच बीकनची पाळी पुन्हा येते. आधी मोर्समध्ये संकेतनाम आणि मग चार डॅश (लांब सूर) : पहिला १०० वॅटचा, पुढचे १०, १ आणि ०.१ वॅटचे. म्हणजे प्रत्येक डॅश आधीच्यापेक्षा १० डेसिबलने क्षीण. ही फुकटची मोजपट्टी आहे, हे मला ठाऊकच नव्हते. आपण एक बीकन निवडलात, डायपोलचे अंग तिकडे केलेत, आणि आम्हाला तीन डॅश ऐकू आले. मग टोक त्या दिशेला वळवून तीन मिनिटे थांबलो, तर एकच, तोही चाचपडत. फेडिंगचा (संकेत आपोआप कमीजास्त होण्याचा) धोका नको म्हणून आपण सहा-सात पाळ्या पुन्हापुन्हा ऐकायला लावल्यात, आणि दर वेळी फरक तोच राहिला. दिशा म्हणजे काय ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा कानांनी ऐकले.

दुसऱ्या संध्याकाळचे काम त्या मानाने शांत होते. दोन स्टुलांवर ठेवलेल्या अँटेनाचा अनुनाद (ती सर्वांत नीट चालते ती वारंवारता) मोजणाऱ्या विश्लेषकावर १४ मेगाहर्ट्झच्या खाली दिसताच मी टोकाच्या नळ्या आत सरकवायला निघालो होतो. आपण हात धरलात. जमिनीजवळ अनुनाद खाली दिसतो, वर गेल्यावर चढतो. खरोखरच न छेडता तो १४.१ च्या आसपास स्थिरावला. या बँडवर एकूण लांबीतला एक सेंटीमीटर सुमारे १४ किलोहर्ट्झने अनुनाद हलवतो, त्यामुळे उतावीळपणा महाग पडला असता. नळीला कान लावून मंद वाऱ्यात ती गुणगुणते का हे पाहणे आणि त्या कंपनाने सांधे थकू नयेत म्हणून आतून सुती दोरी सोडणे, ही युक्ती तर मी कोठेही वाचलेली नव्हती. वरच्या आधाराच्या वर उघडा राहिलेला पाइप जितका लांब, तितका तो त्याच जागी वाकणार, म्हणून आपण तो हातभर खाली घ्यायला लावलात. वीजवाहिन्यांपासूनचे अंतर अख्खा पाइप कोसळला तरी पुरेल एवढे आहे ना, हे दोरी धरून मोजलेत, आणि तोवर मला शिडीवर पाय ठेवू दिला नाहीत.

तेव्हापासून आलेला पावसाळा त्या सांध्याने कोरडा काढला. परवा मुद्दाम उघडून पाहिले; जाळी लख्ख होती. पुन्हा टेप गुंडाळताना आपला दहा नंबरचा पाना माझ्याच अवजारांच्या डब्यात सापडला. तो परत करायला लवकरच येतो, आणि येताना माझ्या बीकनच्या नोंदींची वहीही आणतो, कारण त्यातल्या दोन दिशांचा हिशोब मला अजून लागत नाही.

आपला ऋणी,
गच्चीवरचा विद्यार्थी

ता. क. डायपोलचा मोकळ्या जागेतला रोध ७३ ओहम, आणि हॅमचा निरोपाचा आकडाही ७३. योगायोगच, पण या पत्राला शोभतो. तेव्हा, सर, ७३.