तो भोंगा स्वागताचा नव्हता

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला छोट्या मोटरबोटीतून केलेल्या नदीसफरीचा लेख वाचला. लेखकाचा हात लिहिता आहे आणि पहाटेच्या धुक्याचं वर्णन मला मनापासून आवडलं. पण पुढे एक वाक्य आलं: मालवाहू बोटी लागोपाठ भोंगे वाजवून आमचं स्वागत करत होत्या आणि आम्हीही हात हलवून त्यांना दाद देत होतो. त्यानंतर मला पुढचा लेख वाचवला नाही. रात्री झोपही नीट लागली नाही, म्हणून आज सकाळी हे पत्र लिहायला बसलो.

संपादक महोदय, तो भोंगा स्वागताचा नव्हता. मला हे माहीत आहे, कारण असाच हात एकदा मीही हलवला आहे.

काही वर्षांपूर्वी मी, माझी पत्नी, मेहुणे आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे भाड्याची मोटरबोट घेऊन निघालो. बोट देणाऱ्याने किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "काही अवघड नाही हो, गाडीसारखीच आहे." लाइफ जॅकेट कुठे आहेत विचारलं तर त्याने बाकाखाली हात दाखवला. तिथे ती दोरीने एकत्र बांधून ठेवली होती. आम्ही ती सोडलीही नाहीत, ही आमची चूक. दहा-पंधरा मिनिटं छान गेली. मग पलीकडच्या काठाला जावं म्हणून मी नदी तिरकी कापायला घेतली आणि बरोबर खोल पात्राच्या मधोमध इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

खालच्या अंगाने एक टगबोट, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणारी-ढकलणारी ताकदवान बोट, एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी मालवाहू नाव, ढकलत वर येत होती. दूर होती. तिने भोंगा दिला, तुटक तुटक, पाच-सहा वेळा. भाच्याने टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला. पुन्हा तसाच भोंगा. मी पुन्हा हात हलवला. तिसऱ्या वेळी मेहुण्यांचा चेहरा बदललेला दिसला आणि मग मी नीट पाहिलं. बार्जच्या सपाट तोंडाखाली पाण्याची पांढरी मिशी दिसत होती आणि प्रवाह आम्हाला तिच्याकडेच नेत होता.

नांगर टाकायला गेलो तर त्याचा दोर बोटीला बांधलेलाच नव्हता. वल्हं एकच होतं. मेहुणे गुडघ्यावर बसून त्या एका वल्ह्याने पाणी ओढत होते, मी आणि पत्नी दोन्ही बाजूंनी हातांनी. किती वेळ ते सांगता येणार नाही. खोल मार्गाची कड दाखवणाऱ्या तरंगत्या लाल बोयाच्या बाहेर, उथळ पाण्यात कसेबसे पोचलो आणि ते धूड आमच्या शेजारून गेलं. त्याच्या मागच्या लाटेने बोट इतकी कलंडली की पुढे बसलेला भाचा उचलला गेला. त्याच्या वडिलांनी शर्टाची कॉलर धरली म्हणून तो आज आहे.

संध्याकाळी धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "अहो, तो तुम्हाला हाका मारत होता. 'तुम्ही काय करताय ते मला कळत नाही, बाजूला व्हा' असं सांगत होता."

समुद्रावरचे टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम समुद्राला जोडलेल्या, जहाजं जातात अशा नद्यांनाही लागू होतात. त्यांत हे स्पष्ट आहे. साधारण एक सेकंदाचा एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे माझं इंजिन उलटं फिरतंय. चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा आंधळ्या वळणाआधी देतात. आणि पाच किंवा जास्त तुटक भोंगे म्हणजे तुमचा इरादा मला समजत नाही, किंवा टक्कर टाळायला तुम्ही पुरेसं करताय असं मला वाटत नाही. काही देशांतल्या नद्यांवर यात थोडाफार फरक असतो, म्हणून निघण्याआधी तिथले नियम विचारावेत. पण लागोपाठच्या तुटक भोंग्यांचा अर्थ 'या, या' असा कुठेही होत नाही.

लेखात आणखी एक समज आहे, की मोठ्या बोटी छोट्यांना सांभाळून घेतात. कशा घेणार? युरोपातल्या राईन नदीवरच्या नियमांतच असं धरलेलं आहे की माल लादल्यावर नाळेपुढचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोरचं, 350 मीटरपर्यंतचं पाणी चालकाला थेट दिसलं नाही तरी चालतं. तुम्ही त्या टापूत असाल तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीच. ताशी 20 किलोमीटरने तो टापू एका मिनिटात संपतो. भरलेल्या बार्जचा ताफा थांबवायला एक किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं, आणि खोल पाणी सोडून तो बाजूला वळूही शकत नाही, लगेच रुतेल. म्हणूनच त्याच 1972 च्या नियमांत 20 मीटरपेक्षा लहान बोटींवर जबाबदारी टाकली आहे: अरुंद मार्गातून जाणं ज्याला भाग आहे त्याची वाट त्यांनी अडवायची नाही. आपण उजव्या कडेने जावं. पाणी पुरत असेल तर बोयांच्या बाहेरून जावं. नदी ओलांडायची तर काटकोनात, झटपट आणि मोठ्या बोटीच्या मागून, कधीही तिच्या तोंडासमोरून नाही. मी तिरका गेलो होतो, म्हणजे जितका वेळ पात्रात राहायला नको तितका राहिलो.

इंजिन का बंद पडलं तेही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. सुट्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. तो बंदच राहिला होता. टाकीत हवा शिरत नाही, आत पोकळी तयार होते, इंधन ओढलं जात नाही आणि इंजिन उपाशी मरतं. तेही निघताना नाही, दहा-पंधरा मिनिटांनी, म्हणजे तुम्ही नेमके मधोमध असताना. इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला की समजावं. आम्हाला ते काठाला लागल्यावर समजलं. स्क्रू सैल केला आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बोट देणाऱ्याने अर्धं मिनिट खर्च करून हे दाखवलं असतं तर! परत गेल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, "सगळ्यांना माहीत असतं." नाही, सगळ्यांना माहीत नसतं. नांगराचा दोर बांधला आहे का, हेही निघण्याआधी आपणच ओढून पाहावं लागतं.

आता छायाचित्राबद्दल. लेखासोबत पाव पानाचं रंगीत छायाचित्र आहे. त्यात दोन मुलं नाळेवर बसून पाय पाण्यावर सोडून हसताहेत, बोट वेगात आहे, आणि एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नाही. तिथून मूल पडलं तर सरळ बोटीखाली आणि मग पंख्यात जातं. चालवणारा उभा आहे आणि त्याच्या मनगटाला किंवा पायाला किल कॉर्ड दिसत नाही. चालवणारा फेकला गेला की इंजिन बंद करणारी ही साधी दोरी. 2013 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ, कॅमल नदीच्या मुखात, एका कुटुंबातले सहाही जण वेगवान बोटीतून बाहेर फेकले गेले. ही दोरी लावलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्यावरच येत राहिली. वडील आणि लहान मुलगी गेली, बाकीच्यांपैकी काही गंभीर जखमी झाले. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर, वेगात असताना, अशी दोरी किंवा तशी सोय वापरणं सक्तीचं आहे. आपल्या पुरवणीतलं छायाचित्र पाहून किती वाचक येत्या सुट्टीत आपल्या मुलांना तसंच बसवतील, याचा विचार छायाचित्र निवडताना व्हायला हवा होता.

लेखकावर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलं नसेल, जसं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण आपल्याकडे लेख दोन-तीन हातांखालून जातो. एखाद्या नावाड्याला फोन करून विचारणं शक्य होतं.

जाता जाता एक. याच विषयावर मागे मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते आपण छापलंत, त्याबद्दल आभार. पण जागेअभावी त्यातला भोंग्यांचा परिच्छेद गाळला गेला आणि उरलं ते फक्त नदीकाठच्या कचऱ्याबद्दलचं. या वेळी कात्री चालवावी लागली तर आमच्या घरची हकिकत खुशाल काढा. भोंग्यांचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक