लेकरू शोधू नका, दाखला काढून ठेवा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं नवरा-बायको लेकरू दत्तक घेणार, त्याबद्दल परवा फोनवर निम्मं बोलणं रेंज जाण्यातच गेलं, म्हणून अमेरिकेतून लिहून पाठवतो. दादाला सावकाश वाचून दाखवायला सांगा.

बाबा, आधी तुमचाच विषय. वेचणीला आलेल्या त्या बाईला चौथी मुलगी झाली, ती द्यायला तयार आहे आणि नर्सबाई मधे पडून जमवून देते म्हणतात, असं तुम्ही सांगितलं. त्या वाटेला बिलकूल जाऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे लेकरू असं परस्पर दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही. पैसे दिले तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ‘बाळंतपणाचा खर्च’ म्हणून दिले तरी ते पैसेच. त्या बाईला खरंच झेपत नसेल तर तिला १०९८ ला, म्हणजे लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन लावून द्या. बाल कल्याण समितीसमोर लेकरू सोपवता येतं, तिचं नाव बाहेर जात नाही, आणि तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. एवढंच करा, पण ते लेकरू आपल्याला मिळेल अशी आशा धरू नका. ज्याच्या रांगेचा नंबर लागेल, त्याच्या घरी ते जाईल.

आई, तू म्हणालीस दादाचा धाकटाच घे, घरातलं रक्त घरात राहील. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे, त्यात हे बसतं. दत्तहोमसुद्धा सक्तीचा नाही. अडतं ते इकडे अमेरिकेत. आई-बाप दोघं हयात आहेत आणि लेकराला नीट सांभाळू शकतात, अशा लेकराला दत्तकाचा व्हिसा इथला कायदा देत नाही. दर्यापूरला शंभर वेळा दत्तकपत्र रजिस्टर केलं तरी लेकरू तिकडेच राहील आणि कागदावर मात्र आमचं होईल. दादा-वहिनीच्या जिवाला घोर लावण्यात काय हशील?

आता आमची वाट. आमचे पासपोर्ट आता इथले, म्हणून हे एका देशातून दुसऱ्या देशातलं दत्तक धरलं जातं आणि अशा दत्तकांसाठीच्या १९९३ च्या हेग कराराप्रमाणे चालतं. क्रम चुकला की सगळं अडकतं. आधी इथली परवानगी, आय-८००ए नावाचा अर्ज. तिच्यासाठी समाजसेविका घरी येऊन चौकशी करते. मग भारतानं मान्यता दिलेल्या इथल्या संस्थेमार्फत दिल्लीच्या ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी. मग लेकराची फाइल. ती पटली की आय-८०० चा, म्हणजे त्याच लेकरासाठीच्या अर्जाचा, तात्पुरता होकार, मग अमेरिकन वकिलातीचं पत्र, मग काराचं ना-हरकत. ना-हरकत हातात आल्यावरच दत्तकाचा आदेश. हा आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर नवा जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट, व्हिसा. ‘आधी लेकरू घरी आणा, कागद मागून होतील’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इथल्या होकाराआधी आदेश झाला तर तोच व्हिसाच्या आड येतो. लेकरू जिथं आहे त्या संस्थेला संगोपन निधी ५,००० डॉलर, पावतीवर. दुसरं कोणी तुमच्याकडे रुपया मागायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

वयाचं म्हणाल तर आमच्या दोघांची बेरीज ७९. दोन वर्षांखालच्या लेकरासाठी मर्यादा ८५ आहे, म्हणजे बसतो. पण धडधाकट तान्ह्यांना बहुतेक देशातच घर मिळून जातं. बाहेरच्यांच्या वाट्याला जरा मोठं, किंवा काही दुखणं असलेलं लेकरू येतं. फाइलमध्ये तपासणीचा अहवाल असतो. त्यात ‘सिकल एएस’, म्हणजे सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा नुसता वाहक, असं लिहिलेलं निघालं तर घाबरून जाऊ नका. आपल्या विदर्भात असे वाहक घरोघरी सापडतात आणि ते सहसा ठणठणीत असतात. ‘एसएस’ म्हणजे खरा आजार; तेव्हा मात्र इथल्या डॉक्टरला अहवाल दाखवून, औषधं आणि रक्त चढवण्याची सोय बघून मगच ठरवावं लागतं. आम्ही फॉर्मवर दोन्हीला हो लिहिलंय.

कूळ-गोत्राचं आत्याबाईंनी विचारलं होतं. त्यांना एवढंच विचारा: १८७८ साली शेगावात उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना जे दिसले, त्यांचं गोत्र बंकटलालनं विचारलं होतं का? तरी घरी नेलंच ना? दर गुरुवारी आपण ज्यांच्यापुढे हात जोडतो त्यांचं कूळ आजवर कोणाला ठाऊक नाही. आम्ही दोघांनी ठरवलं ते यावरच. आणि लांब कशाला जाता, परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या लेकरांना आपलं नाव लावलं, २०२४ ला पद्मश्री मिळाली. बाबा, तुम्ही एकदा जाऊन या तिथे. आमच्या कामासाठी नव्हे, असंच.

आता तुमच्याकडून हवं ते. ग्रामपंचायतीतून आमच्या लग्नाचा दाखला नव्यानं काढायचा आहे. जुन्यात बाबांच्या नावापुढे ‘राव’ आहे, माझ्या शाळेच्या टीसीवर नाही, आणि पासपोर्टवर आडनावाला एक अक्षर जास्त. ग्रामसेवकांना सांगा, पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवून एकेक अक्षर लावून लिहा. अशा एका ‘राव’पायी फाइल महिना-महिना पडून राहते.

समाजसेविका कदाचित तुमच्याशीही व्हिडिओवर बोलेल. पाठ केलेलं काही बोलू नका. आई, तुझी आधी ना होती हेही सांगितलंस तरी चालेल. सगळं गोड-गोड ऐकलं की त्यांना उलट शंका येते.

फाइल आल्यावर फोटो पाहाल, पण आदेश होईपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. लेकराची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे. दादालाही हे वाचून दाखवतानाच बजावा, त्याचा हात फार शिवशिवतो.

बारसं कराच, पण घरातल्या घरात. दोनशे पानं नंतर उठवू. संस्थेत चार-चार हातांत वाढलेलं लेकरू कोणाकडेही जातं, ते मनमिळाऊ म्हणून नव्हे तर आपलं माणूस कोण हे त्याला कळलेलं नसतं म्हणून. पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं आम्ही दोघंच करू. आई, तुला ते जड जाईल, ठाऊक आहे. तोवर तू खिचडी रांध, मिरची न घालता, नुसतं मीठ आणि तूप.

दाखल्याला बाजाराच्या दिवशीच जा, ग्रामसेवक तेव्हाच सापडतात.

तुमचा,
धाकटा