डाव धुवून मग वाढणाऱ्या मुलास

चि. (नाव मुद्दामच लिहीत नाही) यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव का लिहिलं नाही ते तुला ठाऊक आहे. एका गिऱ्हाइकासाठी वेगळं पातेलं चढवायचं, हे तुमच्या मालकांच्या नियमात बसत नाही, आणि तू ते चढवलंस. तुझी शिष्यवृत्ती, तुझं ते दुपारचं काम, यातलं काहीही माझ्या कौतुकापायी अडचणीत यायला नको. बुडापेस्टमध्ये सुपाची दुकानं काही कमी नाहीत, तेव्हा एवढ्यावरून तुला कोणी हुडकून काढेल असं वाटत नाही. फोनवर ‘थँक्यू रे’ लिहून झालं होतं. पण ते लिहिल्यावर मलाच कसंतरी वाटलं, म्हणून हे चारचौघांत.

तुला माहीत असलेलं इतरांसाठी थोडक्यात सांगते. मी इंग्लंडात राहते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दातांचे इम्प्लांट, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात रोवायची कृत्रिम मुळं, सहसा मिळत नाहीत आणि खासगीत करायचे तर खिसा रिकामा होतो. त्यामुळे आमच्याकडची बरीच मंडळी त्यासाठी हंगेरीला जातात. या कामासाठी युरोपभर त्या देशाचं नाव आहे. मीही गेले. वरच्या मागच्या दाढांच्या जागी इम्प्लांट बसवले. ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही, सर्जनचा हात हलका होता. तक्रार आहे ती खुर्चीतून उठल्यानंतरच्या सगळ्याबद्दल.

क्लिनिकने हातात एक छापील कागद दिला. तिखट, गरम आणि कडक टाळा. बस्स. किती दिवस? का? आणि परक्या शहरात, हॉटेलच्या खोलीत, मग खायचं तरी काय? कागद गप्प. शनिवारी फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, “सूचना कागदावर आहेत.” मी म्हटलं, कागद माझ्यासमोरच आहे. त्या म्हणाल्या, “मग छान.”

हॉटेलात त्याहून बहार. अजिबात तिखट नाही असं छातीठोकपणे सांगून सूप आणून ठेवलं. वर तेलाचा बारीक लाल तवंग होता. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच छातीठोक उत्तर. पहिला चमचा गेला आणि टाक्यांपाशी जी आग उठली! त्यात डोळे आणि नाक वाहायला लागलं. आता गंमत अशी, की वरच्या जबड्यात हाड कमी होतं म्हणून सायनसच्या, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळीच्या, तळाशी थोडं हाड भरलेलं होतं. अशा वेळी नाक शिंकरायची सक्त मनाई असते. शिंक आली तरी तोंड उघडं ठेवून द्यायची, नाहीतर दाबाने भरलेलं हाड हलायचं. म्हणजे नाक वाहतंय आणि शिंकरायचं नाही. रिसेप्शनवरच्या गृहस्थांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, “आमच्याकडे याला कोणी तिखट म्हणत नाही.” म्हणत नसतील. टाके माझ्या तोंडात होते.

आमच्या एका नातेवाइकांनी फोनवर वर हेही सुनावलं की थोडं तिखट चांगलं असतं, जंतू मरतात. त्यांना मी उत्तर दिलं नाही. बोलायलाही दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या दुकानात शिरले ती केवळ दारावर सूप दिसलं म्हणून. बहिणीशी मराठीत रडगाणं चालू होतं. काउंटरपलीकडून आवाज आला, “मावशी, तिखट नकोय ना? बसा तुम्ही.” परमुलखात कोणी मावशी म्हटलं की निम्मं दुखणं कमी होतं, हे मी आजवर फक्त ऐकून होते.

तू पहिली गोष्ट केलीस ती म्हणजे मला रंगावर विश्वास ठेवू नका असं सांगितलंस. हंगेरीतली पाप्रिका, म्हणजे लाल मिरची, गोडही असते आणि तिखटही, दोन्हींची पूड लालभडक. पूर्वी तिथले लोक मिरचीच्या आतल्या पांढुरक्या शिरा आणि बिया हाताने काढून पूड सौम्य करत, कारण तिखटपणा मुख्यतः त्या शिरांमध्ये असतो. म्हणजे लाल दिसतं ते निरुपद्रवी असू शकतं, आणि नितळ सुपात बुडवून काढलेली एक तिखट मिरची दिसतही नाही. क्लिनिकच्या कागदावर यातला एक शब्द नव्हता. तिखट सालाचा कपचा किंवा बी टाक्यात अडकलं तर काय, तेही तूच सांगितलंस. पहिले दिवस खळखळून चूळ भरायची नसते, रक्ताची गुठळी निघून येते, त्यामुळे अडकलेलं काढताही येत नाही.

पण मला लिहायचंय ते डावाबद्दल.

बटाटा आणि गाजर मऊ शिजवून, घोटून, साध्या रश्श्यात मिसळून तू माझं सूप तयार केलंस. शेजारी हालास्लेचं मोठं पातेलं होतं. माशांचं ते लालबुंद, तिखट सूप. त्यातलाच डाव उचललास, माझ्या पातेल्याकडे वळलास आणि थांबलास. मग मोरीकडे गेलास. गरम पाणी सोडलंस, साबण लावलास, डाव घासलास, धुतलास, पुसलास. आणि नाकाशी धरून वास घेतलास! समाधान झालं नसावं, कारण पुन्हा धुतलास. जेवणाची वेळ होती, रांग दारापर्यंत गेली होती, एक गृहस्थ घड्याळ बघून काहीतरी पुटपुटले. मी बघतेय हे तुला माहीत नव्हतं. मधल्या फटीतून दिसत होतं मला.

नंतर मी विचारलं तेव्हा तू सहज म्हणालास, “नुसत्या पाण्याने जात नाही ते मावशी, तेलात बसतं.” खरंच आहे. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून तो हॉटेलातला लाल तवंग, आणि म्हणूनच पाण्याचा तो ग्लास कुचकामी. तू सुपाबरोबर कोमट दूध ठेवलं होतंस. कशासाठी ते विचारलं तर म्हणालास, “असू दे हाताशी.”

डाव धुवायला मिनिटभर लागलं असेल. तरी मला वाटतं, विचारपूस करणारे पुष्कळ भेटतात, ‘काळजी घ्या’ म्हणणारे त्याहून जास्त. आपल्या हातातल्या कामात दुसऱ्याचं दुखणं धरून चालणारे फार थोडे. क्लिनिकमधल्या त्या बाई वाईट नसतील. त्यांनी त्यांच्या कामाची हद्द कागदापाशी आखून घेतली होती, एवढंच. हॉटेलवाल्यांनी ती स्वतःच्या जिभेपाशी आखली. तुझी हद्द माझ्या टाक्यांपर्यंत आली, आणि तुला तर यासाठी कोणी पगार देत नव्हतं. मी ठेवलेले जादाचे फोरिंटही तू परत केलेस. त्याचा रागच आला होता मला, आता सांगते.

सूप कोमट होईपर्यंत तू सेंट-ग्यॉर्गींची गोष्ट सांगितलीस तीही लक्षात आहे. हंगेरीतल्या सेगेद शहरातले ते प्राध्यापक. बायकोने रात्रीच्या जेवणात वाढलेली पाप्रिका खायची नव्हती म्हणून प्रयोगशाळेत घेऊन गेले, आणि तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर निघालं. ही आठवण त्यांनी स्वतःच सांगून ठेवलीय. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. हिरड्या भरून यायला क जीवनसत्त्व लागतं आणि ते ज्या फळातून एवढं निघालं तेच मला वर्ज्य, यावर तू हसलास. मला हसता येत नव्हतं, गाल सुजला होता. माझ्या वाटणीचंही तूच हसलास असं समजते.

टाके निघाले. जखम स्वच्छ भरल्याचं इंग्लंडातल्या डॉक्टरांनी सांगितलं. हाड इम्प्लांटला धरायला आता काही महिने जातील. टायटॅनियम आणि हाड असे एकजीव होतात हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कनी ओळखलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. हाडाला तेव्हाही घाई नव्हती, आताही नाही.

इम्प्लांटवरचे दात बसवायला मला पुन्हा बुडापेस्टला यायचंय. तोवर तुझी परीक्षा झालेली असेल आणि कदाचित ते कामही सुटलेलं असेल, तर नवा पत्ता कळव. जेवायला जाऊ. जागा तू ठरव, तिखट मिरची शेजारच्या वाटीत देतात तसं हालास्ले मागव, आणि या खेपेला पैसे मी देणार, त्यावर वाद नको.

तुझी,
मावशी